नववीच्या मुलांचा न झालेला तास

शालन,

तुला नावाने हाक मारायला मी तू गेल्यावर शिकलो. बेचाळीस वर्षं 'गो ऐकतंस' नाहीतर 'मास्तरीण' एवढ्यावर भागवलं. 'मास्तरीण' मी कौतुकाने म्हणतो असं गावाला वाटायचं. तुला खरं ठाऊक होतं, पण तू कोणाला बोलली नाहीस.

तुझ्या शाळेचा अंक निघतोय. त्यात एक पान तुझ्यावर आहे, त्यासाठी चार ओळी द्या म्हणून सांगणं आलं. तुझ्याविषयी लिहायला बसलो तर 'प्रेमळ होती, कष्टाळू होती' याच्या पुढे गाडी जाईना. ते कोणाच्याही बायकोबद्दल लिहिता येतं. म्हणून तुलाच लिहितो. बाकीचे वाचतील तर वाचूदेत. त्यांनी वाचायलाच पाहिजे.

शाळेत तुझी शोकसभा झाली. तुझा फोटो टेबलावर, अबोलीची वेणी घातलेला. मला पुढच्या खुर्चीत बसवलं. तुझ्या हाताखाली शिकलेली फिलोमिना, जी आता तिथली मोठी बाई आहे, ती बोलायला उठली. तुझ्या गृहशास्त्राच्या तासाबद्दल चांगलं बोलली. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, "बाईंच्या प्रत्येक कामामागे त्यांच्या यजमानांची भक्कम साथ होती." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हात जोडले.

हात जोडले गो. तुझ्या फोटोसमोर. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. मी मान हलवून तो मान घेतला. घरी येऊन पायावर पाणी घेताना माझी मला किळस आली.

साथ कसली? तुझ्या विषयाची मी तीस वर्षं टिंगल केली. "शीत शिजवूक शाळा लागता? माझ्या आवशीक कोणी शिकवलेल्यान?" हे मी किती वेळा बोललो असेन. तू एकदाच उत्तर दिलंस. म्हणालीस, "तुमच्या आवशीची तीन पोरां जुलाबान गेली. तिका कोणी शिकवल्यानी असता तर बरां झाला असता." मी ताटावरून उठलो होतो. तू मागून आली नाहीस, ताट झाकून ठेवलंस.

आणि ज्या वर्षी वाडीत जुलाबाची साथ आली, तेव्हा तुझ्या नववी-दहावीच्या मुली तांब्या आणि चमचा घेऊन घरोघर फिरल्या. उकळून गार केलेलं पाणी, मोजून साखर, मोजून मीठ. मीपण आडवा झालो होतो. तू घोट घोट पाजत होतीस, मी तोंड फिरवत होतो, तू माझी हनुवटी धरून पाजत होतीस. उठून बसल्यावर मी किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या सगळ्यांना काय सांगितलं? "डॉक्टरान सुई मारल्यान, म्हणान वाचलंय." तू बाजारातून येत होतीस, तुझ्या कानावर पडलं. तू पदर सारखा करून पुढे गेलीस.

तुझ्या परीक्षेचे दिवस मात्र मला आवडायचे. मुलींनी केलेल्या जिनसांचे डबे तू घरी आणायचीस, तीस-बत्तीस डबे, सगळ्यांत कांदेपोहे. ओटीवर ओळीने मांडायचीस आणि मला म्हणायचीस, "ह्या चाखा. मीठ कसा?" मी परीक्षकासारखा मांडी घालून बसायचो. "ह्या खारट. ह्या बरां. ह्या कोणाचा गो? हेका पास कर." तू वहीत काहीतरी लिहायचीस. मला वाटायचं मार्क मीच देतो. एकदा तू आत गेलीस तेव्हा वही उघडून बघितली, तर मार्क आदल्या दिवशीच शाळेत घातलेले होते, शाई वाळलेली. मी रागावून आत आलो तर तू हसत होतीस. "पोहे फुकट कित्याक घालवचे? आणि तुमी तितको वेळ गप बसतास."

ते हसणं आठवलं की बरं वाटतं. आणि लगेच दुसरं आठवतं.

आपलं एक भांडण कधी संपलं नाही. शिवणाचं. तुझा पहिला तास मुलींना परकराला खिसा लावायला शिकवायचा, हे गावाला नवल होतं. मी म्हणायचो सुई बाईच्या हातातली. तू म्हणायचीस, "तुमी दिवसभर जाळां सांधतास, ता काय?" मी म्हणायचो, "ता जाळां." तू म्हणायचीस, "सुई तीच, गाठ तीच, हात तेच. दर्याक लागता तेव्हा मर्दपण, शर्टाक लागता तेव्हा बायलपण. असा कसा?" माझ्या शर्टाचं बटण तुटलं तर मी तो शर्ट तुझ्या उशाशी टाकायचो आणि बाहेर बसून चार हात फाटलेलं जाळं संध्याकाळपर्यंत सांधायचो.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी बसलोय.

तू मुख्याध्यापकांच्या मागे लागून लागून परवानगी मिळवलीस. नववीच्या मुलांनापण गृहशास्त्राला बसवायचं, मुलींबरोबर, एक वर्ष करून बघायचं. त्यांनी अट घातली की आधी पालकांची सभा घ्या, आई-बापांची तयारी असेल तर करा. तू आठ दिवस जेवली नाहीस नीट. मग एका सकाळी मी पेज पीत होतो, तू समोर येऊन बसलीस. समोर बसायची तुझी सवय नव्हती.

"माझा एक काम आसा."

"काय?"

"पालकसभेक तुमी येवा. जाळां घेवन येवा. झिलग्यांच्या म्होरे बसान सांधा. मगे त्याच हातान एक फाटको शर्ट सांधून दाखवा. इतक्याच. बोलूक नको काय."

"माका बाहुलो करतंस?"

"नाय ओ. माज्या हातात सुई बघून झिलगे हसतले. तुमी तांडेल, सगळ्या रापणीचे म्होरके. तुमच्या हातात बघून हसूचे नाय. बापूसपण गप बसतले."

मी हो म्हणालो. खरंच मनापासून हो म्हणालो, हे तुला आता सांगतो. तुझा चेहरा बघून म्हणालो. तू माझा निळा शर्ट इस्त्री करून ठेवलास.

सभेच्या दिवशी सकाळी रापण ओढली. मासळी पाट्यांत गेली आणि मी जाळ्याचा तुकडा गुंडाळायला लागलो. आपल्या रापणीतला दाजी दोरखंडावर बसला होता. त्याची जीभ कशी होती ते तुला ठाऊक आहे.

"काय रे तांडेल, खंय चललंस? शाळेत? बायलेवांगडा रांदूक?"

मी म्हटलं, "जाळां दाखवूक जातंय."

"जाळां दाखवूक! आणि मगे? पोळये लाटतलंस? परकर घातलंस काय रे भितर, बघूया तरी!"

पंचवीस माणसं हसली. सगळी माझ्या हाताखालची. ज्यांना मी वाऱ्यात होडी घालायला सांगितलं तर त्यांनी तोंड उघडलं नसतं, ती माणसं पोट धरून हसली. जाळं मी वाळूत टाकलं.

आलोच नसतो तरी चाललं असतं. तू काहीतरी सांगून वेळ मारून नेली असतीस, 'त्यांना दर्यावरून उशीर झाला' म्हणाली असतीस. पण मी आलो. तो निळा शर्ट घालून, हात रिकामे घेऊन. आणि माझ्या मागून दाजी आणि चार-पाच जण आले, मजा बघायला.

तू पांढरा एप्रन बांधून उभी होतीस. टेबलावर बांगडे मांडलेले, विळी, पाण्याची पातेली, एका बाजूला फाटका शर्ट घडी करून. मुली बाकांवर, मुलं भिंतीला, पालक मागे. मला दारात बघून तुला बरं वाटलं. ते मला दिसलं. मग तू माझ्या हातांकडे बघितलंस.

मुख्याध्यापक म्हणाले, "या, या, तांडेल, तुमचीच वाट बघत होतो. दोन शब्द बोला."

आणि मी बोललो. तू 'बोलूक नको' म्हणाली होतीस.

"मी तांडेल," म्हटलं. "माज्या घरात मी शीत सुदिक वाढून घेणंय नाय. झील दर्यार जावक होयो काय चुलीकडे बसाक, ता तुमी ठरवा. जेका आपल्या झिलाचो बायलो करूचो आसात, तेणां नाव घाला."

काय हसले सगळे. टाळ्या वाजल्या. दाजीने शिट्टी मारली. मुलंपण हसली, ज्यांच्यासाठी तू आठ दिवस जेवली नव्हतीस. माझ्याच बायकोच्या वर्गात, तिच्याच समोर, तिच्या नवऱ्याच्या तोंडून. दुसरा कोण बोलला असता तर तू त्याला उभं आडवं केलं असतंस. माझं तोंड तू बंद करू शकत नव्हतीस. ते जाणूनच मी बोललो, असं आता वाटतं.

तू एक बांगडा उचललास आणि मुलींकडे वळून म्हणालीस, "आधी हात धुवायचे. मग खवले शेपटीकडून डोक्याकडे." आणि तास सुरू केलास. तुझा आवाज हलला नाही. मी दारात होतो तोपर्यंत तरी हलला नाही.

त्या आठवड्यात बापसांच्या चिठ्ठ्या आल्या. माझ्या मुलाचं नाव काढा. एकामागून एक. वर्ग मुलींचाच राहिला, तू निवृत्त होईपर्यंत.

घरी तू मला काही बोलली नाहीस. रात्रीला बांगड्याची तिरफळं घातलेली आमटी होती, बहुतेक त्याच बांगड्यांची. तू वाढलीस. मी दोनदा भात मागून घेतला. दोनदा! गळ्याखाली उतरत होता, हेच मला आता कळत नाही.

मी वाट बघत होतो की तू भांडशील, मग मी ओरडेन, मग ते संपेल. तू भांडलीच नाहीस. तेव्हा मला वाटलं तुला एवढं काही लागलं नसेल. पुरुषाला असं वाटून घ्यायला किती सोपं असतं.

मग तुझं ते पोटाचं दुखणं. तू अंथरुणाला लागलीस तेव्हा आपली लेक मंजू इन्सुलीहून येऊन महिनाभर राहिली, पण तिचंही घर आहे. ती गेल्यावर शेजारच्या वहिनी सकाळी येऊन पेज करून द्यायच्या. तुला दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. एक दिवस त्या कट्टा गावात लग्नाला गेल्या. दुपारपर्यंत येते म्हणाल्या. दहा वाजले, तुझी पेजेची वेळ झाली. तू काही मागितलं नाहीस. मी आत गेलो. म्हटलं, तांदूळ आणि पाणी, त्यात काय शिकायचं.

वरच्या डब्यात तांदूळ मिळाला. टोपात घातला, पाणी ओतलं, गॅस पेटवला आणि बाहेर येऊन बसलो. तुला आधी वास आला.

"गॅस बंद करा ओ. करपला."

बघतो तर खळ. खाली काळं, वर पांढरा चिकटा. तसाच वाटीत घेऊन तुझ्याकडे आलो. तू वाटीत बघितलंस.

"तांदूळ खयच्या डब्यातलो घेतलास?"

"वयल्या."

"तो घावण्यांचो. पेजेचो उकडो, तांबडो असता. खालच्या डब्यात." मग जरा दम खाऊन म्हणालीस, "ह्या नववीच्या झिलग्यांका पयल्या तासाक शिकवतलंय होतंय. तांदूळ वळखूचो."

एवढ्या वर्षांत त्या दिवसाचं तू एवढंच बोललीस. रागाने नाही, टोमणा मारून नाही. राहिलेलं काम सांगावं तसं. खिडकीकडे बघत होतीस.

तेव्हा मला बोलायचं होतं. माझं चुकलं, एवढे दोन शब्द. माणूस होडी फुटली तरी ओरडून चार माणसं गोळा करतो. मी त्या काळ्या टोपाकडे बघितलं आणि म्हणालो,

"बिस्कुट देव?"

तू म्हणालीस, "देवा."

दोन वाजता वहिनी आल्या तोपर्यंत तू पाण्यात बुडवलेल्या दोन बिस्किटांवर होतीस. घरात उकडा तांदूळ डबाभर होता. खालच्या डब्यात. त्याच दिवशी पुन्हा टोप घासून गॅसवर चढवावा, तुला विचारून विचारून करावा, हे मला सुचलं नाही असं नाही. सुचलं. लाज वाटली. मरणाच्या दारात असलेल्या बायकोसमोर पेज करायची लाज वाटली.

त्यानंतर सोळाव्या दिवशी तू गेलीस.

शोकसभेनंतर चार दिवस मी घरात बसलो, मग शाळेत गेलो. फिलोमिना खुर्चीवरून उठली.

"बसा काकानू."

"बसूक येवक नाय. तुमी सभेत माझ्याबद्दल बोल्लात, ता खोटा आसा. मी साथ नाय दिलंय. मी तिचो वर्ग मोडलंय."

तिने दार लावून घेतलं आणि म्हणाली, "माका म्हायत आसा. मी थयसरच होतंय. नववीत, तिसऱ्या बाकार."

"मगे तसा कित्याक बोल्लात?"

"गेलेल्या माणसाच्या सभेत तेच्या घोवाक काय बोलतलंय काकानू? आणि बाईंका आवडला नसता."

तिने मला पाणी दिलं. मग म्हणाली की तो दिवस संपला असं समजू नका. तुमचं वाक्य अजून गावात आहे. तिचा मुलगा नववीत आहे, जेवून उठला की ताट तसंच. ती नवऱ्याला म्हणते, झिलाक सांगा ताट उचलूक. नवरा हसतो आणि म्हणतो, "तांडेल काय म्हणाललो, ठावक आसा मां?" घराघरात म्हणतात. ज्यांनी मला कधी बघितलं नाही ती पोरंपण म्हणतात.

मला वाटलं होतं ते तुझं-माझं होतं. एका दिवसाचं होतं. आणि ते तीस वर्षं लोकांच्या ताटाशेजारी बसलंय. जिथे जिथे कोणी बाई कंबर धरून उठते आणि पोरगा बसून राहतो, तिथे मी आहे. तू त्या गावातून रोज पिशवी घेऊन जात होतीस. तुझ्या कानावर ते किती वेळा आलं असेल?

फिलोमिना म्हणाली, ह्या जूनपासून मुलांनापण गृहशास्त्राला बसवायचं आहे. शनिवारी पालकसभा आहे. "तुमी येतलास?"

गेलो. ह्या वेळी कोणाला सांगितलं नाही, म्हणजे कोणी हसायला नको. एवढी भीती अजून होती.

तीच खोली. पत्रे नवीन घातलेत. बापूस मागे उभे, हाताची घडी घालून. त्यात दाजीचा मुलगा गुणाजी होता, त्याचा झील नववीत गेलाय. फिलोमिनाने मला पुढे बोलावलं. मी म्हणालो, तीस वर्षांमागे मी हयसर एक वाक्य बोललो होतो, ते तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे. ते मी चुकीचं बोललो. दाजीच्या हसण्याला भिऊन बोललो. ते आता कोणी माझ्या नावावर बोलू नये.

मग गुणाजी, बापासारखाच, हसत म्हणाला, "तांडेलानू, ता ऱ्हवांदे. आता तुमका येता काय रांदूक?"

थोडे हसले. मला दाजी दोरखंडावर बसलेला दिसला.

"येणा नाय," मी म्हणालो. "तांदूळ वळखूक येणा नाय. माझी बायल खाटेर होती. डब्यात तांदूळ होतो, गॅस होतो, घरात घोव होतो. आणि ती दहापासून दोनपर्यंत बिस्कुटार ऱ्हवली. माका येणा नाय म्हणान."

गुणाजीने मान खाली घातली. मागे कोणीतरी खाकरलं. मला आणखी बोलायचं होतं, तुझ्या मुलींबद्दल, तुझ्या मीठ-साखरेच्या पाण्याबद्दल, पण आवाज गेला. मी तिथे सगळ्यांसमोर रडलो गो. फिलोमिनाने कागद टेबलावर ठेवला, संमतीच्या सह्यांचा. कोणी केल्या, किती झाल्या, ते मी बघायला थांबलो नाही. तो हिशेब बघायचा हक्क मला नाही.

गावाची माफी मागून झाली. तुझी राहिली. ती कशी मागतात ते मला येत नाही, शालन. कोणी शिकवलं नाही असं लिहिणार होतो, पण ते खोटं होईल. तू शिकवलं असतंस. बेचाळीस वर्षं तू समोर होतीस, मी बसलोच नाही.